सही करण्याआधी डोंगर चढून या

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४४, घरची काजूची बागायत आणि थोडं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग. यंदा मार्चमध्ये गावामागच्या डोंगराला आग लागली आणि त्यांची साठेक काजूची झाडं होरपळली. त्या डोंगराची पलीकडची बाजू विकत घ्यायला दिल्लीचं एक गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं होतं. जागा दाखवायला सोबत होता गावातलाच एक माणूस. तो वाचकांचा शेजारी, लांबच्या नात्यातला, जमिनीची दलाली करणारा. आगीच्या दिवशी सकाळी नऊला तो स्कूटरवरून त्या वाटेने जाताना कुणीतरी पाहिला. दुपारी एकच्या सुमारास देवळाकडून धूर दिसला.

आता वाड्यावर एक निवेदन तयार झालं आहे. वाचकांचे थोरले चुलतभाऊ, त्यांना ते दादा म्हणतात, त्यात पुढे आहेत. त्या माणसाने आग लावली, पंचायतीतले काही जण त्याला सामील आहेत, वनखातं मुद्दाम गप्प आहे आणि पेपरवाले बातमी दाबताहेत, असं त्यात नावानिशी लिहिलं आहे. रविवारच्या ग्रामसभेत ते वाचून दाखवायचं आहे आणि वाचकांची सही हवी आहे. पत्नीचा सहीला विरोध आहे. ते लिहितात, "ताई, आग लागून फायदा कुणाचा झाला? ज्याचा फायदा त्याचंच काम, हे शेंबडं पोरही सांगेल. मग सही करताना माझा हात का अडखळतो? आणि नाही केली तर लोक म्हणतील, हासुद्धा विकला गेला."

भाऊ,

साठ झाडांचं तुम्ही एका ओळीत उरकलंत आणि पुढची अडीच पानं त्या माणसावर लिहिलीत. मी उलटीकडून सुरू करते. ऐन मार्चात, झाडाखाली बोंडूंचा सडा पडायच्या दिवसांत, फेणीच्या भट्टीवाल्याला शब्द देऊन झालेला असताना बागायत जळली म्हणजे वर्षाचं गणितच कोसळलं. त्यातली निम्मी झाडं वडिलांनी लावलेली होती, असंही तुम्ही म्हणता. अशा वेळी 'लागली आग, कुणी लावली नाही' हे उत्तर घशाखाली उतरत नाही. राग धरायला समोर कुणीतरी लागतं. तुमच्या रागाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. तो कुणाच्या दारात नेऊन ठेवायचा, एवढंच आपण बघू.

आणि हेही आधीच सांगते, 'कटबिट काही नसतं, उगाच संशय घेऊ नका' असं मी म्हणणार नाही. गोव्यात राहून असं म्हणायचं तर डोळ्यांवर कातडंच ओढून घ्यावं लागेल. जमिनी लाटण्याची प्रकरणं इतकी वाढली, की २०२२ च्या जूनमध्ये सरकारला पोलिसांचं विशेष तपास पथक नेमावं लागलं. मालक वारलेला किंवा परदेशात गेलेला बघून जमीन हेरायची, पोर्तुगीज काळातले म्हणून बनावट दस्तऐवज रचायचे, ते जुन्या नोंदींत घुसडायचे आणि जमीन विकून मोकळं व्हायचं. हा सरळ सरळ कट होता. शहा आयोगाचा गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींवरचा अहवाल २०१२ च्या सप्टेंबरात संसदेत आला. त्याआधी बेकायदा उपशाबद्दल बोलणाऱ्याला विकासाचा वैरी म्हणणारे थोडे नव्हते.

त्याहून जुनी गोष्ट मुरगाव बंदरातली. १९४३ चा मार्च, दुसरं महायुद्ध चालू, पोर्तुगाल तटस्थ. युद्ध सुरू झाल्यापासून आसऱ्याला आलेली जर्मन जहाजं बंदरात नांगर टाकून होती, त्यातलं एक 'एरेनफेल्स'. एका रात्री जहाजांवर आगी भडकल्या आणि ती बुडाली. खलाशांनी आपली जहाजं आपणच बुडवली, असं तेव्हा धरलं गेलं. ते अर्धंच खरं होतं. कलकत्त्याहून मूठभर ब्रिटिश, त्यातले बरेचसे वय उलटलेले हौशी घोडेस्वार, गाळ वाहणाऱ्या एका बार्जमधून गुपचूप आले होते आणि त्यांनी एरेनफेल्सवर हल्ला चढवला होता. त्या जहाजाच्या बिनतारी यंत्रावरून पाणबुड्यांना खबर जाते, असा ब्रिटिशांचा संशय होता. ही सगळी हकिगत जगासमोर आली १९७८ मध्ये, पस्तीस वर्षांनी. म्हणून 'गुपित कधीच टिकत नाही' हे वाक्यही मी तुमच्या तोंडावर फेकणार नाही.

पण या प्रकरणांचा आकार नीट बघा. मुरगावला माणसं थोडी होती, काम एकच होतं, ते एका रात्रीत संपलं आणि केल्या केल्या हवं ते हाती आलं. जमिनीच्या प्रकरणांतही तसंच, बनावट कागद घुसडला की जमीन नावावर. खाणींमध्ये माणसं पुष्कळ गुंतलेली होती आणि म्हणूनच ते कुणापासून लपलंही नाही. ट्रक सगळ्यांच्या दारावरून जात होते, लाल धूळ जेवणाच्या ताटात पडत होती. कमी होते ते फक्त आकडे, आणि ते शेवटी कागदांतूनच निघाले. आता तुमच्या निवेदनातला कट यांच्या शेजारी ठेवून बघू.

तुमचा सगळा भार 'फायदा कुणाचा' या प्रश्नावर आहे. तपास सुरू करायला तो चांगला प्रश्न आहे. तपास तिथेच संपवायला मात्र अगदी वाईट. २०२३ च्या मार्चमध्ये तुमच्याच तालुक्यात म्हादई अभयारण्याला आणि आसपासच्या डोंगरांना ठिकठिकाणी आगी लागल्या होत्या, नौदलाची हेलिकॉप्टरं पाण्याच्या बादल्या ओतत होती, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. त्या दिवसांत मी एका वहीत गंमत म्हणून लिहून ठेवत होते, आग कुणी लावली म्हणून लोक सांगतात ते. कदंबच्या बसमध्ये, तिंट्यावर, एका मुंजीच्या पंगतीत. काजूवाले, शिकारी, लाकूडचोर, बिल्डर, व्याघ्रप्रकल्प नको असलेले, व्याघ्रप्रकल्प हवा असलेले, म्हादईच्या पाण्यासाठी शेजारचं राज्य, खुद्द वनखातं. प्रत्येकाचा हेतू सांगणाऱ्याला पाठ होता, आणि गंमत म्हणजे ऐकताना प्रत्येक पटतही होता. नुसत्या हेतूवर शिक्षा द्यायची तर एका काडीसाठी आठ जणांना तुरुंगात टाकावं लागलं असतं. कित्येक महिने पावसाचा टिपूस नव्हता, मार्चच्या सुरुवातीलाच अंगाची लाही होत होती आणि पूर्वेकडून कोरडा वारा सुटला होता. या गोष्टी कुणी चवीने सांगत नव्हतं. त्यांना हेतू नसतो ना, मग सांगण्यात मजा काय?

आता रागावू नका, पण तुमच्याकडेही हेतू आहे. तुमची निम्मी झाडं जुनी, उत्पन्न उतरलेलं, असं तुम्हीच लिहिलंय. जुनी झाडं काढून नवी कलमं लावायचा विचार गेल्या वर्षीपासून घरात चालू आहे, हेही. झाडं जळली तर 'शेतकरी आधार निधी'तून काही भरपाई मिळेल का, याची चौकशी तुम्ही आगीनंतर चौथ्या दिवशी केलीत. त्या माणसाच्या बाजूचं कुणी उद्या लिहायला बसलं, तर एवढ्या मालमसाल्यावर तुमच्या विरोधात झकास निवेदन तयार होईल. तुम्ही म्हणाल, भलतंच काय, मी माझीच झाडं जाळीन? बरोबर. तुम्हाला ओळखणाऱ्याला ते हास्यास्पद वाटेल. त्या माणसालाही ओळखणारं कुणीतरी असेलच.

तुमच्या सत्तरीतल्याच गोळावलीला २०२० च्या जानेवारीत वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले तेव्हा आमच्या घरात, मी धरून, सगळ्यांनी मोठमोठ्या हितसंबंधांची गणितं मांडली होती. वनखात्याने पकडली ती तिथलीच गुरं पाळणारी माणसं. वाघाने त्यांचं जनावर मारलं होतं. जेवढी घटना मोठी तेवढं कारणही मोठं असलं पाहिजे, असं आपल्याला आतून वाटत असतं. चार वाघांमागे एक जनावर, हे हिशेबात बसतच नाही.

हेतूपेक्षा मला दुसरा प्रश्न कामाचा वाटतो. धरून चालू की त्या माणसाला डोंगर मोकळा करून हवा होता. मग आग लावून ते साधतं का?

दादांचं म्हणणं असं की जंगल जाळलं की जमिनीचा झोन बदलून तिथे बांधकाम करायला रस्ता मोकळा होतो. हे अगदी हवेतलं नाही. खाजगी जागेला 'खाजगी वन' ठरवायला आपल्याकडे निकष आहेत. सलग पाच हेक्टर तरी क्षेत्र हवं, पंचाहत्तर टक्के झाडं जंगली जातींची हवीत आणि झाडोऱ्याची घनता निदान ०.४ हवी, म्हणजे जमिनीचा चाळीस टक्के तरी भाग झाडांच्या छत्राखाली हवा. म्हणजे झाडोरा विरळ झाला तर जागा निकषातून सुटेल, असा हिशेब कुणी करू शकतो, आणि करणारे आहेतही. पण मार्चमधला वणवा जाळतो काय? गवत, पाचोळा, झुडपं. किंदळ, माटी असले मोठे वृक्ष बुंध्याशी काळे होतात आणि जूनमध्ये पुन्हा पालवतात. तुमच्या काजूचं तसं नाही, त्याला आग लगेच बाधते, म्हणून तुमचं नुकसान झालं आणि पलीकडच्या जंगलाचं त्यामानाने कमी. तुम्हीच लिहिलंय, विकाऊ बाजूची मोठी झाडं उभी आहेत. शिवाय जंगल जळलं म्हणून कागदावरची जमीन बदलत नाही. वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते, आणि आधी तिथे काय होतं हे उपग्रहाच्या जुन्या चित्रांत दिसतं. झाडोरा खरोखर घालवायचा असतो ते करवत वापरतात. रविवारी, चतुर्थीच्या सुट्टीत, पाच-पाच झाडं, गाजावाजा न करता. आगीने गाव, अग्निशामक दल, वनरक्षक आणि शेवटी ग्रामसभा एवढी सगळी त्या डोंगराकडे बघू लागली. दलालाला नेमकं हेच नको असतं. आणि विक्री ठरायच्या आधी दाखवायचा डोंगर काळा करून ठेवणारा दलाल मी तरी अजून पाहिलेला नाही. गिऱ्हाईक दिल्लीहून हिरवं बघायला येतं.

एक शक्यता मात्र मला विचारात पाडते. लहान बागायतदार कंटाळून स्वस्तात विकतील, म्हणून त्यांना पोळायचं. असं होऊ शकतं. पण मग आगीनंतर कुणीतरी भाव घेऊन तुमच्या दारी यायला हवं. पत्र लिहीपर्यंत महिना उलटला होता आणि तुमच्याकडे किंवा शेजाऱ्यांकडे कुणी आल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. आलं तर तारीख, वेळ, आकडा लिहून ठेवा. तेव्हा माझं मत बदलेल, आणि मला ते बदलायला आवडेल.

सकाळी नऊच्या स्कूटरचं सांगते. त्या वाटेने दिवसाला किती जण जातात? तो रोज जात नव्हता का? मार्चातल्या वाळक्या गवतात काडी टाकली तर धूर चार तासांनी दिसत नाही, काही मिनिटांत दिसतो. एखादा ओंडका धुमसत राहून उशिरा पेटू शकतो, हे खरं, पण मग तो आदल्या दिवशीचाही असू शकतो, आणि मग स्कूटरला काय अर्थ उरला? कावळा बसायला आणि फांदी मोडायला, अशातली ही गत आहे. स्कूटर आग लागल्यावर आठवली. आग लागली नसती तर ती त्या दिवशी गेली की नाही, हे कुणालाच आठवलं नसतं.

निवेदनातल्या बाकीच्या नावांकडे बघा आता. तुमच्या पत्रातला क्रम असा आहे: आधी तो एकटा होता. पंचायतीने लगेच ठराव घेतला नाही, तेव्हा पंचायतीतले काही जण आत आले. वनरक्षकाने 'कारण अज्ञात' लिहिलं, तेव्हा वनखातं आलं. बातमी छापून आली नाही, तेव्हा पेपरवाले. प्रत्येक वेळी पुरावा मिळाला नाही आणि प्रत्येक वेळी कटात एकाची भरती झाली. इथे मी कान टवकारते. एक माणूस गुपचूप काडी ओढू शकतो. एक दलाल, तीन पंच, वनखात्याचं एक कार्यालय आणि दोन-तीन पेपर, एवढ्यांनी एका विकल्याही न गेलेल्या डोंगरासाठी तोंड मिटून बसायचं, तर प्रत्येकाला काय मिळालं? पंचांपैकी दोघांचं आपसात बोलणंही नाही, असं तुमच्याच पत्रात आहे. पेपरवाल्यांचं मला थोडं ठाऊक आहे. तालुक्याच्या बातमीदाराला मार्चमध्ये आगीचे इतके फोन येतात की माणूस दगावला नसेल तर चार ओळींची जागा मिळाली तरी खूप. याला कट म्हणायचं तर माझं हे सदरही अधूनमधून कटामुळेच छोटं होतं.

दादांना एक विचारा, भांडणाच्या सुरात नव्हे. 'काय दिसलं तर तुम्ही म्हणाल की हा तो नव्हे?' त्या दिवशी नऊनंतर तो डिचोलीला होता असं निघालं तर? आग दुसऱ्या उतारावरून आली असं दिसलं तर? प्रत्येकाला 'मग त्याने माणूस लावला असेल' असंच उत्तर आलं, तर तुमच्या सहीने त्या संशयात भर पडणार नाही आणि माझ्या सल्ल्याने तो कमीही होणार नाही.

आता ज्यासाठी हे पत्र मी तीनदा वाचलं ते. तिसऱ्या पानावर, मधेच, कंसात तुम्ही लिहिलंय, 'दादांनी दोन दिवस आधी त्यांच्या काजूखालचा पाचोळा साफ करून जाळला होता, पण तो पूर्ण विझवला होता.' त्यानंतर तुम्ही लगेच परत त्या माणसाकडे वळलात. काजूखाली साफ करून पाचोळा जाळायची आपल्याकडे जुनी रीत आहे, बोंडू वेचायला सोपं पडतं. डोंगराला आग लागण्याचं ते नेहमीचं एक कारणही आहे. तुमचा हात अडखळला तो या कंसापाशी, असा माझा अंदाज आहे.

मात्र इथे मला स्वतःचा कान पिळावा लागतो. 'निवेदनाला पुढे कोण? दादा. संशय दुसऱ्यावर गेला तर फायदा कुणाचा? दादांचा.' बघा, पाच सेकंदांत माझाही कट तयार झाला, हेतूसकट. तुमच्या निवेदनापेक्षा तो जास्त घट्ट आहे असं मला वाटतं, म्हणूनच मी त्याला जास्त घाबरते. दादांनी विझवलं म्हणून सांगितलं आणि ते खरंही असेल. विजेची तार फांदीला घासली असेल, वाटसरूची बिडी असेल, मध काढायला गेलेल्याचा पलिता असेल. मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. ज्याला ठाऊक नाही त्याने नावानिशी सही कशी करायची, एवढाच मुद्दा आहे.

माझ्या माहेरी, पेडण्याकडे, दोन पावसाळे आमचे नारळ कमी होत होते. शेजाऱ्याशी मेरेवरून, म्हणजे हद्दीच्या बांधावरून, वाद चालू. त्याची दोन मुलं घरी बसून. आईने एकदा त्यांच्या पडवीत आमच्यासारखेच नारळ पाहिले. (नारळ आणखी कसले असतात, हे तेव्हा कुणाला सुचलं नाही.) बोलणं बंद झालं, चतुर्थीचं येणंजाणं थांबलं. तिसऱ्या पावसाळ्यात व्हाळाला मोठं पाणी आलं आणि खालच्या वाड्यातल्या माणसाने निरोप पाठवला, तुमचे नारळ दर वर्षी आमच्या बांधाला येऊन अडकतात, न्यायला कुणी येत का नाही? कडेच्या चार माडांचे नारळ सरळ व्हाळात पडत होते. वडिलांनी पुढे होऊन शेजाऱ्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. लाज वाटली. शेजारी दोन वर्षांनी वारला, आम्ही बाराव्याला गेलो आणि कोपऱ्यात बसून परत आलो.

तर रविवारचं. सही करू नका, पण नुसतं 'नाही' म्हणून घरीही बसू नका. तसं केलंत की 'विकला गेला' हे येणारच. आपलं दुसरं निवेदन घेऊन जा, एका पानाचं. त्यात नाव कुणाचंही नको. आग कधी दिसली, कुणाला दिसली, कुठून कुठे गेली, कुणाची किती झाडं गेली. मागण्या अशा: मामलेदारांकडून नुकसानीचा पंचनामा, आगीच्या कारणाची लेखी चौकशी, वीज खात्याने त्या डोंगरावरच्या तारांखालच्या फांद्या छाटाव्यात, पुढच्या जानेवारीत गावाने आणि वनखात्याने मिळून आगरेषा, म्हणजे आग अडवायला गवत-पाचोळा साफ केलेला पट्टा, काढावी. पोलिसांत तक्रार द्यायची तर 'अज्ञात व्यक्ती' म्हणून द्या, मनात कुणी असलं तरी. नावानिशी आरोप सभेत वाचला आणि सिद्ध झाला नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा खटला सही करणाऱ्या प्रत्येकावर होऊ शकतो. दादांना हे जरूर सांगा, धमकी म्हणून नको, काळजीने.

त्या जमिनीचं काय चाललंय ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर कागदात मिळतं. सर्व्हे क्रमांक काढा, एक-चौदाचा उतारा (जमीन कुणाच्या नावावर आहे त्याची नोंद) बघा, उपनिबंधकांकडे विक्रीचा करार नोंदलाय का ते विचारा. नगरनियोजन खात्याला माहिती अधिकाराखाली अर्ज करा, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रश्न एकच विचारा, या सर्व्हे क्रमांकासाठी झोन बदलाचा अर्ज आलाय का, आला असल्यास कधी आणि कुणाचा. नगरनियोजन कायद्याच्या कलम ३९अ खालचे झोन बदलाचे प्रस्ताव हरकतींसाठी राजपत्रात प्रसिद्ध होतात, तेही वाड्यावरच्या एखाद्या शिकलेल्या पोराला दर आठवड्याला चाळायला लावा. आगीच्या आधीच्या तारखेचा अर्ज सापडला तर ती खरी गोष्ट असेल, आणि तेव्हा त्या निवेदनावर पहिली सही तुमची असू दे.

त्याच पोराला आणखी एक काम द्या. 'नासा'चं 'फर्म्स' नावाचं संकेतस्थळ सगळ्यांना फुकट उघडं आहे. उपग्रहांना दिसलेल्या आगींचे ठिपके त्यावर तारखेनिशी असतात. उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आगेमागे वरून जातो आणि एक ठिपका पावणेचारशे मीटरचा असतो, म्हणजे काडी कुणी ओढली ते दिसणार नाही. छोटी आग निसटतेही, तेव्हा ठिपका नाही म्हणजे आग नव्हती असं समजू नका. पण त्या दुपारी ठिपका डोंगराच्या कुठल्या अंगाला होता आणि आदल्या दोन रात्री तिथे काही धुमसत होतं का, याचा अंदाज येईल.

वाड्यावर हे बोलणं कठीण जाईल, मला कल्पना आहे. म्हणून सभेच्या आधी शनिवारी सकाळी दादांना घेऊन डोंगरावर जा. फक्त तुम्ही दोघं. आग उतारावर वर धावते, खाली सावकाश सरकते. खोडावरचा काळा डाग वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला जास्त उंच चढलेला असतो. तुमच्याकडे मार्चात सकाळी वारा पूर्वेचा आणि दुपारनंतर समुद्राकडून, हे तुम्हाला मी सांगायला नको. डाग बघत बघत मागे मागे जा, जिथे जळलेलं पुसट होतं तिथपर्यंत. तिथे कदाचित विजेचा खांब असेल, कदाचित पायवाट, कदाचित काहीच नाही. ती जागा दादांच्या बागायतीकडे गेली तर तुम्ही काही बोलू नका. त्यांना दिसेल. तिथून खाली उतरताना ते निवेदनाबद्दल काय म्हणतात तेवढं ऐका. त्यांनी ते मागे घेतलं तर कारण विचारू नका, वाड्यावर सांगायला तुमचं दुसरं निवेदन तयार असेलच. ती जागा दुसरीकडे कुठे निघाली तर फोटो काढा, मोबाइलवर ठिकाण नोंदवा आणि पंचनाम्याला जोडा, मग भले ती त्या माणसाच्या हद्दीत का असेना.

वहिनींना सांगा, सहीला विरोध करताना त्यांनी दिलेलं कारण ('त्याच्या मुलीला आमच्या मुलीशेजारी बसायचंय शाळेत') माझ्या वरच्या सगळ्या कारणांपेक्षा मोठं आहे.

आणि जाताना कोयता घरी ठेवा. होरपळलेली काजूची झाडं आत्ताच तोडू नका. फांदीची साल नखाने थोडी खरवडून बघा, आत ओलं हिरवं असेल तर त्या झाडाला दोन पाऊस पडेपर्यंत राहू द्या. साठातली किती फुटतात ते जुलैत मोजा, आणि उरलेल्यांच्या जागी कलमं हवी असतील तर कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयात आत्ताच नाव घालून ठेवा, पावसाच्या तोंडावर तिथे झुंबड असते.